‘संकल्प सोडला’ म्हणजे धरला की टाकला?

कऱ्हाडच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न असा आहे. एक जानेवारीच्या सकाळी त्यांच्या सासूबाई घरात म्हणाल्या, “यंदा रोज अर्धा तास चालायचा संकल्प सोडलाय.” त्यावर कॉलेजात शिकणाऱ्या नातीने “आजी, पहिल्याच दिवशी सोडलास?” असे विचारले, आणि दोघींपैकी बरोबर कोण यावर घरात एकमत झाले नाही. या प्रश्नाला जोडून त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आहे: वर्षाच्या आरंभी आपण आपल्यापुरते जे लहानसे, जमण्याजोगे काही ठरवतो, त्याला ‘संकल्प’ हा शब्द फार भारदस्त होत नाही का, आणि होत असल्यास मराठीत त्यासाठी दुसरा शब्द आहे का?

सासूबाईंचा प्रयोग जुना आहे आणि पूर्णपणे शुद्ध आहे. पूजेला किंवा कार्याला बसल्यावर यजमान उजव्या तळहातावर अक्षता आणि पळीभर पाणी घेतो, गुरुजींच्या मागोमाग देश, काळ, स्वतःचे नाव, गोत्र आणि करावयाचे कर्म यांचा उच्चार करतो, आणि शेवटचा ‘करिष्ये’ (मी करीन) हा शब्द उच्चारताच ते पाणी ताम्हणात सोडतो. प्रत्यक्षात सोडले जाते ते संकल्पाचे उदक. बोलण्याच्या ओघात ‘उदक’ गळून पडले आणि ‘संकल्प सोडणे’ एवढेच उरले. म्हणून ‘गुरुजींनी संकल्प सोडला’ या वाक्याचा अर्थ कार्याला आरंभ झाला असाच होतो.

एकाच क्रियापदाने आरंभही सांगावा आणि शेवटही सांगावा, हे चमत्कारिक वाटले तरी मराठीत ते नवे नाही. ‘शाळा सुटली’ म्हणजे त्या दिवसापुरती संपली आणि ‘एस.टी. सुटली’ म्हणजे निघाली, यात आपला कधी घोटाळा होत नाही. पाण्याच्या बाबतीत तर हा भेद आपल्या भागात फार ठळकपणे दिसतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या कालव्यांना पाणी सोडले, की आटपाडी, तासगाव, जत अशा तालुक्यांतली कामे सुरू होतात. आणि त्याच तालुक्यांतला माणूस बुडालेल्या उसनवारीबद्दल बोलताना ‘त्या पैशांवर मी पाणी सोडले’ असे म्हणतो. ‘कालव्याला पाणी सोडणे’ आणि ‘पैशांवर पाणी सोडणे’ यांतला सगळा फरक विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांनी केलेला आहे. ‘-वर पाणी सोडणे’ हा वाक्प्रचारही विधीतूनच आला. दान देताना दाता पाणी सोडून वस्तूवरचा आपला हक्क संपवीत असे, आणि जुन्या ताम्रपटांत भूमी उदकपूर्वक दिल्याचे उल्लेख येतात. ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवणे’ हे त्याच कुळातले भावंड आहे.

तरीही नातीने काढलेला अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. चहा सोडला, नोकरी सोडली, हट्ट सोडला, या सगळ्यांत ‘सोडणे’ म्हणजे त्याग करणेच आहे. शिवाय हा अर्थ ‘संकल्प’ या शब्दाबरोबरही पुष्कळ जुना आहे. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत पापसंकल्प ‘सोडोनि द्यावा’ आणि सत्यसंकल्प ‘जीवीं धरावा’ असे सांगितले आहे. तेथे सोडणे म्हणजे टाकणे, याविषयी शंकेला जागा नाही. ज्या घरात ताम्हण-पळी रोज हाताळली जाते त्या घरात पहिला अर्थ आधी सुचेल, आणि जेथे तो विधी पाहण्यात नाही तेथे दुसरा. लिहिताना संदर्भ पुरेसा नसेल तर ‘संकल्प केला’ आणि ‘संकल्प मोडला’ अशी निःसंदिग्ध रूपे वापरावीत, असे माझे मत आहे. मात्र बोलण्यात सासूबाईंनी आपला प्रयोग बदलू नये, कारण तो गेला तर त्याच्यामागचे ते पळीभर पाणीही विसरले जाईल.

आता दुसरा प्रश्न. ‘संकल्प’ भारदस्त वाटतो तो त्याच्या आजच्या सहवासामुळे. भाषणांत आणि फलकांवर तो नेहमी ‘महा’ किंवा ‘दृढ’ यांच्या सोबतीने येतो. मुळात तो ‘कॢप्’ या धातूपासून आलेला आहे, आणि त्या धातूचा अर्थ योग्य असणे, समर्थ असणे, नीट जुळणे असा आहे. ‘कल्पना’ आणि ‘विकल्प’ हे शब्द त्याच घरचे. अमरकोशात ‘संकल्पः कर्म मानसम्’ एवढीच व्याख्या आहे. म्हणजे मनाने केलेले कर्म, मग ते लहान असो वा मोठे. मराठीने सरकारच्या वार्षिक जमाखर्चासाठी ‘अर्थसंकल्प’ हा शब्द घेतला आणि बांधकाम खात्याने आराखड्यासाठी ‘संकल्पचित्र’, तेव्हा धातूचा हा जुळणीचा अर्थ जागा राहिला, याचा मला फार आनंद वाटतो. ज्यात खर्चापुढे तरतूद मांडलेली नाही त्याला कोणी अर्थसंकल्प म्हणत नाही. वर्षारंभीच्या संकल्पातही रोजचा अर्धा तास कोठून काढायचा हे ठरलेले असेल, तर तो शब्द आपल्या धातूशी अधिक प्रामाणिक राहतो.

याहून महत्त्वाची गोष्ट खुद्द विधीच्या संकल्पात आहे, आणि ती अनेकदा कानावरून नुसतीच जाते. आपल्याकडच्या संकल्पात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असे म्हणून माणूस आपण कोठे बसलो आहोत ते सांगतो, शके, संवत्सर, मास, तिथी सांगतो, आणि मग कर्म सांगताना ‘यथाशक्ति’, ‘यथाज्ञानेन’, ‘यथामिलितोपचारद्रव्यैः’ असे म्हणतो. म्हणजे माझ्या शक्तीप्रमाणे, मला जेवढे कळते तेवढ्याने, आणि जे साहित्य मिळाले आहे त्याने. सोळा उपचारांची पूजा सांगतानाही घरात जे नाही त्याचे वचन त्यात दिलेले नसते. ज्याला आपण आज ‘जमेल एवढेच ठरवणे’ म्हणतो, त्याची शब्दयोजना या वाक्यात आधीच तयार आहे. ‘करिष्ये’ हे रूपही लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. ‘कृ’ धातू उभयपदी, म्हणजे परस्मैपद आणि आत्मनेपद अशा दोन्ही प्रकारचे प्रत्यय घेणारा असल्यामुळे परस्मैपदी ‘करिष्यामि’ असेही म्हणता आले असते. परंतु क्रियेचे फळ कर्त्याकडे जाते तेव्हा आत्मनेपद वापरावे, या पाणिनीच्या नियमाप्रमाणे यजमान स्वतःसाठी ‘करिष्ये’ म्हणतो. आपल्यापुरत्या ठरावणीला याहून नेमके क्रियारूप मला माहीत नाही.

तरीही हलका शब्द हवाच असेल तर मी ‘नेम’ सुचवीन. तो ‘नियम’ या शब्दाचे मराठीत रुळलेले रूप आहे, आणि त्याची मापे घरगुती आहेत. चातुर्मासात आपल्या आया-आज्या आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत वांगे न खाण्याचा, रोज एक अध्याय वाचण्याचा किंवा तुळशीपाशी दिवा लावण्याचा नेम करीत आल्या. वस्तू एक, मुदत चार महिन्यांची, आणि शेवटी रीतसर उद्यापन. नेमाच्या बाबतीत मराठीने आणखी एक सोय करून ठेवली आहे: नेमात ‘खंड पडतो’, त्याला ‘खाडा होतो’, आणि तो ‘मोडतो’, या तीन गोष्टी भाषा वेगळ्या मानते. सांगलीत गणपती मंदिरापासून आयर्विन पुलापर्यंत सकाळी चालत जाण्याचा माझा नेम आहे. पावसाळ्यात कृष्णा वाढली की त्याला खंड पडतो, पण नेम मोडला असे मला कधी म्हणावे लागत नाही.

बाकीचे शब्द या कामाला कमी उपयोगी आहेत. ‘निश्चय’ आणि ‘निर्धार’ मनाचा टणकपणा सांगतात, रोजची कृती सांगत नाहीत. ‘ठराव’ ग्रामसभेत किंवा सोसायटीत मंजूर व्हावा लागतो. ‘मानस’ फार सौम्य, आणि ‘बेत’ जेवणाचा किंवा सहलीचा शोभतो.

संकल्प एकदाच उच्चारायचा असतो आणि नेम रोज चालवायचा असतो, हा भेद धरून सासूबाईंना दोन्ही शब्द एकाच वाक्यात घेता येतील: “चालायचा संकल्प सोडलाय, आणि आठवड्यातून पाच दिवसांचा नेम धरलाय.” ‘नेम धरणे’ याचा निशाण साधणे हाही अर्थ आहे, तो येथे आड येत नाही, आणि सोडणे व धरणे शेजारी शेजारी आल्यामुळे पहिल्या क्रियापदाचा अर्थ नातीला आता विचारावा लागणार नाही.