अकोल्यात एकटे राहणारे आई-वडील आणि मे महिना: काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की सत्तरी ओलांडलेले आई-वडील अकोल्यात वरच्या मजल्यावर दोघंच असतात, वडिलांना बीपीची गोळी चालू आहे, पण ते उन्हात बाहेर पडत नाहीत, मग धोका कसला? धोका घरातच आहे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीला आत्ताच चुन्याचे दोन हात मारून घ्या आणि झोपायची सोय खालच्या मजल्यावर होत असेल तर तीच करा.

कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा बसवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायला सांगा. बंद खोलीत तीच दमट हवा फिरते, घाम वाळत नाही. कूलरच्या पत्र्याला अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. खोलीत पारा चाळिशीपुढे गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसत राहायचं.

म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता थोडं थोडं पाणी, ताक घेत राहायला हवं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, पेल्यात अर्धं-मुर्धं नाही. त्यात मीठ असतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी ते रोजचं सरबत म्हणून पिऊ नये. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, काहींनी शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते. मनाने गोळी बंद करू नका, पण उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का आणि दिवसाला पाणी किती चालेल, हे डॉक्टरांना एप्रिलमध्येच विचारा.

फोनवर ‘बरं आहे ना?’ विचारलं की ‘हो’च येतं. त्याऐवजी लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता, ते विचारा. बोलणं असंबद्ध वाटलं आणि अंग तापलेलं असेल, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा. १०८ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत पंखा लावायचा, काखेत, जांघेत, मानेवर बर्फाच्या ओल्या पट्ट्या ठेवायच्या. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नये, श्वासनलिकेत जातं.

तुम्ही लांब आहात, तेव्हा हे सगळं करणारं माणूस शेजारचंच असणार. त्यांच्याकडे घराची एक किल्ली देऊन ठेवा आणि वरचा परिच्छेद आजच पाठवा.