मीठ ‘शोषणारे’ जीव?

पेणच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: मिठागरांवरच्या तक्त्यात ‘लवणप्रेमी सूक्ष्मजीव पाण्यातलं मीठ शोषून घेतात’ असं लिहिलंय, इथे ‘शोषणे’ बरोबर की ‘ग्रहण करणे’?

माझ्या मते दोन्ही नकोत. ‘शोषणे’च्या मुळाशी ‘शुष्’ धातू आहे, म्हणजे सुकणे. उन्हाने मिठागराचं पाणी शोषलं, हे चपखल. पण मीठ धरायला आलेलं ते पाणी समुद्राच्या सातेक पट खारट असतं आणि परासरणाने (पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं, त्याने) पेशीतलं पाणी बाहेर खेचतं. शोषली जाण्याची भीती तर त्या जीवालाच! त्यालाच शोषणारा म्हणणं मला फार खटकतं.

हॅलोबॅक्टेरियम सॅलिनॅरम या लवणप्रेमी सूक्ष्मजीवाचं बघा. ते मिठातलं सोडियम बाहेर काढत राहतं आणि आत पोटॅशियम साठवतं, लिटरला ४ मोलच्या आसपास. त्यामुळे आतबाहेरचा ताण बरोबरीला येतो. या कामाला आपला ‘उपसणे’ शोभतो. होडीत शिरलेलं पाणी उपसतात तसं, हात थांबवून चालत नाही. त्याच्या पेशीभोवतीच्या जांभळ्या पटलातलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन (१९७१ साली ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी ते ओळखलं) उजेडाच्या बळावर प्रोटॉन बाहेर उपसतं. ते प्रोटॉन परत आत शिरताना त्यांच्या बदल्यात सोडियम बाहेर जातं. धनभार बाहेर गेल्याने आतली बाजू ऋण होते आणि पोटॅशियम आत ओढलं जातं. इथे ‘ओढणे’ शब्दशः खरं आहे.

अन्नही याच जोरावर येतं. बाहेर साचलेलं सोडियम आत उतरू बघतं, तेव्हा पटलातली प्रथिनं त्याच्यासोबत अमिनो आम्लंही आत घेतात. त्याला ‘सहवहन’ म्हणावं.

मात्र प्रत्येक वाटेला उपसा म्हणू नका. खारेपाटातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या) मुलांना बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, ठाऊक असते: ओहोटीला शेतातलं पाणी आपसूक उतरतं, कुणी उपसत नाही. आयनांना उताराने जाऊ देणारी पटलातली वाट ही उघाडी; उताराविरुद्ध, ऊर्जा खर्चून होतो तो उपसा. हा भेद मुलांना पाठ्यपुस्तकातल्या ‘सक्रिय वहना’पेक्षा लवकर कळेल.

सगळेच लवणप्रेमी पोटॅशियम भरून घेत नाहीत. हॅलोमोनास एलोंगाटा त्याऐवजी एक्टोइन नावाचं द्रव्य साठवतं. म्हणून तक्त्यावर ‘काही’ हवं: ‘काही लवणप्रेमी सूक्ष्मजीव सोडियम बाहेर उपसतात आणि पोटॅशियम आत ओढून घेतात.’