जनुकच काढून टाकता येतं, तर प्रथिनाची पातळी कमी-जास्त करण्याचा खटाटोप कशासाठी?

तुमचा प्रश्न असा आहे की क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्राने हवं ते जनुक उडवता येत असताना, जिवंत प्राण्यात एखादं प्रथिन हवं तेव्हा आणि हवं तेवढंच कमी करण्याच्या पद्धती शोधायच्या कशाला, आणि हे करतात तरी कसं. मी सी. एलिगन्स या सूत्रकृमीवर काम करते, त्यामुळे उत्तरही त्याच्याच अंगाने देते. जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक, दोन-तीन आठवडे जगणारा हा प्राणी अशा प्रयोगांना फार सोयीचा.

जनुक उडवलं की प्राणी पहिल्या दिवसापासून त्या प्रथिनाविना वाढतो. प्रथिन महत्त्वाचं असेल तर बहुतेकदा गर्भावस्थेतच मरतो. मग ते म्हातारपणी काय काम करतं, हे कुणाला विचारणार? जगला-वाचला, तरी पेशींनी तोवर दुसरी काहीतरी सोय लावून घेतलेली असते आणि आपण त्या सोयीचाच अभ्यास करत बसतो. शिवाय मात्रेचा प्रश्न उरतोच. मेंदूला लागणाऱ्या एमईसीपी२ या प्रथिनाचं जनुक बिघडलं तर मुलींना रेट सिंड्रोम होतो, आणि त्याच जनुकाची एक प्रत जास्त असली तर मुलग्यांना वेगळाच गंभीर आजार होतो. कमी वाईट आणि जास्तही वाईट. नुसतं शून्य करून बघितलं तर यातलं काहीच हाती लागत नाही.

जनुकाला हात न लावता त्याचा निरोप, म्हणजे त्यावरून बनणारा आरएनए, मध्येच अडवायची युक्ती, म्हणजे आरएनएआय, अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ साली याच कृमीत दाखवली. २००६ चं नोबेल त्यासाठीच. कृमीला ठरावीक दुहेरी आरएनए बनवणारे जिवाणू खायला घालायचे, झालं. स्वस्त आणि सोपं, आम्ही अजूनही रोज वापरतो. पण त्याने फक्त नवं प्रथिन बनायचं थांबतं. नळ बंद केला तरी भरलेलं पिंप भरलेलंच राहतं.

याने केवढा घोटाळा होऊ शकतो ते डीएएफ-२ च्या गोष्टीत दिसतं. हे कृमीचं इन्सुलिनसारख्या संदेशांचं ग्राहक प्रथिन. त्यात बिघाड असलेले कृमी दुपटीहून जास्त जगतात, हे सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये दाखवलं. मात्र लहानपणीच ते फार कमी केलं तर पिल्लं वाढायचं सोडून डाउअर नावाच्या सुप्तावस्थेत जातात. मग मोठेपणी कमी केलं तर? २००२ मध्ये आरएनएआयने उत्तर आलं की प्रौढपणाच्या सुरुवातीला केलं तर आयुष्य वाढतं, उतारवयात केलं तर नाही. बरीच वर्षं हेच धरून चाललो. २०२१ मध्ये झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या गटाने डीएएफ-२ प्रथिनच थेट नष्ट करून बघितलं, आणि सोबतचे बहुतेक कृमी मरून गेलेले असतानाही उरलेल्या म्हाताऱ्यांचं आयुष्य वाढलं. म्हणजे उशीर झाला नव्हता, जुनं प्रथिन हटत नव्हतं. माझ्या मते तुमच्या ‘कशासाठी’चं याहून चांगलं उत्तर नाही.

थेट नष्ट करायची ही पद्धत वनस्पतींकडून उसनी घेतलेली आहे. ऑक्सिन हे झाडांचं वाढीचं संप्रेरक. शेतीशी संबंध असेल तर तुम्ही ते ओळखता: डाळिंबाच्या कलमांना मुळं फुटावीत म्हणून लावायची पावडर, कपाशीची पातेगळ थांबवायला फवारायचं एनएए, उसातलं रुंद पानांचं तण मारणारं २,४-डी, ही सगळी त्याचीच कृत्रिम भावंडं. झाडाच्या पेशीत ऑक्सिन आलं की ते टीआयआर१ नावाचं प्रथिन आणि काही ठरावीक प्रथिनं यांना गोंदासारखं चिकटवतं. चिकटलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन या ‘हे नष्ट करा’ अशी खूण असलेल्या छोट्या प्रथिनाची साखळी लागते आणि पेशीतलं प्रोटिअसोम नावाचं यंत्र त्याचे तुकडे करून टाकतं. युबिक्विटिन आणि प्रोटिअसोम प्राण्यांतही असतात, टीआयआर१ मात्र नसतं. जपानमधल्या मासातो कानेमाकी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भाताचं टीआयआर१ यीस्टमध्ये आणि प्राण्यांच्या पेशींमध्ये घातलं, हव्या त्या प्रथिनाला ऑक्सिनला दाद देणारी शेपटी, म्हणजे डिग्रॉन, जोडली, आणि ऑक्सिन टाकताच ते प्रथिन काही मिनिटांत घसरणीला लागलं. २०१५ मध्ये हेच कृमीत जमलं.

टीआयआर१ फक्त आतड्यात किंवा फक्त चेतापेशींत बनेल अशी सोय करता येते, त्यामुळे ‘कुठे’ हे आपल्या हातात. ऑक्सिन कधी द्यायचं तेही आपल्याच हातात. किती द्यायचं यावरून प्रथिन पूर्ण घालवायचं की थोडं शिल्लक ठेवायचं हे बरंचसं ठरतं, पण इथे मेहनत आहे. मधली पातळी कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक प्रथिनासाठी मात्रा नव्याने बसवावी लागते आणि दर वेळी वेस्टर्न ब्लॉट ही प्रथिन ओळखून मोजायची चाचणी करून किंवा चमकणारं प्रथिन जोडून मोजावं लागतं. ऑक्सिन उजेडात खराब होतं म्हणून प्लेटा अंधारात ठेवायच्या. जास्त झालं तर कृमींचं खाणं असलेले जिवाणूच नीट वाढत नाहीत.

मोठी डोकेदुखी गळतीची. ऑक्सिन न देताही टीआयआर१ थोडं प्रथिन खातंच, म्हणजे प्रयोगाच्या आधीच प्राणी ‘नॉर्मल’ राहिलेला नसतो. २०२० मध्ये कानेमाकींच्याच गटाने टीआयआर१ मध्ये एक बदल करून आणि ऑक्सिनचं नवं रूप वापरून हे पुष्कळ आटोक्यात आणलं. त्या रूपाची मात्राही शेकडो पटीने कमी लागते, म्हणून ते उंदरातही चाललं.

आणि ऑक्सिन स्वतः अगदी निरुपद्रवी आहे असंही नाही. जास्त मात्रेत ते साध्या कृमींचंही आयुष्य थोडं वाढवतं असं दिसून आलंय. म्हणून असा पेपर वाचताना आधी बघा की डिग्रॉन नसलेल्या, फक्त टीआयआर१ असलेल्या कृमींनाही ऑक्सिन दिलं होतं का, आणि डिग्रॉनवाल्यांना ऑक्सिन न देता ठेवलं होतं का. दोन्ही नसेल, तर त्यातल्या आयुर्मानाच्या आलेखावर मी तरी विसंबत नाही.