कॉलेजचा आरोग्य उपक्रम गावाच्या कामी कसा येईल?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दरवर्षी तपासणी शिबिर होतं, फोटो निघतात, पुढे काहीच नाही. मुलांना आणि आसपासच्या गावांना खरा उपयोग व्हावा म्हणून काय करावं? – एक प्राध्यापिका, शहादा

उत्तर : शिबिराचं दुखणं एवढंच, की तपासलेला माणूस पुन्हा भेटत नाही. म्हणून आठवड्याचा एक वार पक्का करा: तीच खोली, तीच वही. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र एवढ्यावर काम सुरू होतं. यंत्राचे पट्टे मात्र दोन मापांचे घ्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच जास्त येतो. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकवून शांत बसवा, दंड छातीच्या पातळीवर ठेवा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू नको. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर लगेच ‘बीपी आहे’ म्हणू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, तरीही जास्तच असेल तर ग्रामीण रुग्णालयात पाठवा. १८०/१२० च्या वर असेल तर त्याच दिवशी.

हे हाताला बसलं की राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) मुलं गावात हेच करू शकतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला गेलात तर गाव रिकामं सापडेल. संध्याकाळी सहानंतर जा. जाण्याआधी आशाताईंना भेटा. कुणाच्या गोळ्या बंद पडल्यात, हे त्यांना ठाऊक असतं.

तुमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार वगळून चालणारच नाही. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत तो आढळतो आणि कॉलेजचं वय म्हणजे लग्नाआधीचं वय. सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीतून माणूस वाहक (म्हणजे दोष अंगात, पण आजार नाही) की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. वाहकाला सहसा त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. निकाल एकेकाला बाजूला बसवून, समजावून द्या. फलकावर यादी लागली तर एखाद्या मुलीची सोयरीक मोडेल, आणि पुढच्या वर्षी रक्त द्यायला कुणी बोट पुढे करणार नाही.

मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखवा. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या परस्पर देऊ नका. ज्यांना गोळ्या लिहून दिल्यात त्यांना सांगा, चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

प्रश्न : उन्हाळी परीक्षांच्या काळात कॉलेजनं काय तयारी ठेवावी? – विद्यार्थी प्रतिनिधी, भुसावळ

उत्तर : पाण्याचे माठ परीक्षेच्या खोल्यांजवळ ठेवाच, फाटकाबाहेरही ठेवा, हातगाडीवाले आणि केळीच्या बागांतले मजूर तिथूनच जातात. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण विरघळवा, एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच. पेल्यात थोडी पूड टाकून दिली तर मिठाचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. कुणी बरळू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा: १०८ ला फोन करा, सावलीत न्या, अंगभर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं.