साडेपंधरा सामने

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बाबा फोनवर सांगत होता, पोरगी पहाटे साडेचारचा गजर लावून बेसबॉल बघते आणि सकाळच्या लेक्चरला पेंगते. त्याचा सूर तक्रारीचा होता, मला मात्र ऐकून बरं वाटलं. मी क्लीव्हलँडला आलो तेव्हा हा खेळ आधी रात्रपाळीत रेडिओवर ऐकूनच शिकलो. मैदान बघायला मिळालं ते फार नंतर.

तुझा लेख दोनदा वाचला. निम्म्या मोसमाचा आढावा नेटका जमलाय. प्लेऑफच्या अंदाजांत मात्र ‘जवळपास निश्चित’ हे शब्द सहा वेळा आलेत, मी मोजले. तुला दोष देण्याआधी माझी फजिती सांगतो.

2025 च्या जूनअखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमचं क्लीव्हलँड सलग दहा सामने हरलं. 40 विजय, 48 पराभव. डेट्रॉइट टायगर्स साडेपंधरा सामने पुढे (विजयांतला आणि पराभवांतला फरक, त्यांची सरासरी). 8 जुलैला त्यांचा हिशेब होता 59-34, अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन लीगपैकी आमच्या लीगमध्ये, सगळ्यांत वर. त्या संध्याकाळी मी भिंतीवरच्या कालनिर्णयात 8 तारखेच्या चौकोनात बॉलपेनने लिहिलं, ‘डेट्रॉइट. विषय संपला.’ महिनाअखेरीस तर आमचा क्लोजर, म्हणजे शेवटच्या इनिंगला बॉल टाकणारा पिचर, सट्टेबाजीच्या चौकशीपायी रजेवर गेला. शेन बीबरसारखा जुना, नावाजलेला पिचर ट्रेड डेडलाइनला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या मुदतीला, टोरंटोला देऊन टाकला. घर विकायला काढल्यावर लोक आधी भांडीकुंडी वाटून टाकतात ना, तसंच वाटलं मला.

आणि डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आमचा पाच संघांचा गट, जिंकली क्लीव्हलँडने. 88-74. डेट्रॉइट 87-75. मेजर लीगच्या इतिहासात एवढ्या मागून येऊन पहिलं स्थान कुणीच घेतलं नव्हतं. आधीचा विक्रम 1914 च्या बॉस्टन ब्रेव्ह्जचा, 15 सामन्यांचा. तो चौकोन मी खोडला नाही. येणारे-जाणारे वाचतात आणि हसतात.

आता तू संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून विचारतो. माझं नेमकं चुकलं कुठे? डेट्रॉइटला पुढे मानण्यात चूक नव्हती, त्या दिवशी कुणीही तेच म्हणालं असतं. चूक ‘विषय संपला’ या दोन शब्दांत होती. डेट्रॉइटचे अजून 69 सामने बाकी होते. तुझ्या आयपीएलच्या साखळी फेरीत एका संघाच्या वाट्याला 14 सामने येतात. म्हणजे जवळजवळ पाच आयपीएल बाकी असताना मी निकाल लावून मोकळा झालो होतो. त्या 69 पैकी डेट्रॉइटने फक्त 28 जिंकले. ‘अर्धा मोसम झाला’ म्हटलं की झालेला अर्धाच नजरेत भरतो, उरलेला दिसत नाही. 162 सामन्यांच्या मोसमात हे विसरणं फार सोपं असतं.

तू गुणतक्ता चांगला वाचतेस, पण त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, धावांच्या फरकाचा. तुझ्या लेखात तो एकदाही आलेला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. बेसबॉलची आकडेमोड करणाऱ्या बिल जेम्सचं सूत्र तुला माहीत असेलच. काढलेल्या धावांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. समज एखाद्या संघाने 450 धावा काढल्या आणि 400 दिल्या. उत्तर येतं सुमारे 0.56, म्हणजे पूर्ण मोसमात नव्वदेक विजय. त्या संघाच्या नावावर सध्या याहून बरेच जास्त विजय असतील तर समज, नशीब त्याच्यावर मेहेरबान आहे आणि ती मेहेरबानी टिकेलच असं नाही. 2016 मध्ये टेक्सास रेंजर्सने 95 सामने जिंकले आणि धावांचा फरक होता फक्त अधिक 8. एका धावेने सुटलेल्या सामन्यांत ते 36-11 होते. हे कौशल्य आहे असं मला त्या वर्षी एकाने तावातावाने पटवून दिलं होतं. प्लेऑफमध्ये टोरंटोने त्यांना 3-0 ने घरी पाठवलं.

मात्र हे सूत्र देव्हाऱ्यात ठेवू नकोस. 2025 च्या क्लीव्हलँडने मोसमभरात 643 धावा काढल्या आणि 649 दिल्या. सूत्राप्रमाणे हा संघ निम्मे सामनेही जिंकायला नको होता. तरी डिव्हिजन त्यांचीच. मी अजून तो हिशेब मांडून बसतो आणि अजून मला तो पुरता उलगडत नाही.

पुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तू दोन वेगवेगळे प्रश्न एकाच यादीत कालवलेस. प्लेऑफमध्ये कोण जाणार हा एक प्रश्न आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची शेवटची मालिका, कोण जिंकणार हा अगदी वेगळा. पहिल्याचं उत्तर सहा महिन्यांच्या साखळीतून येतं. तिथे पाचवा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर), राखीव कॅचर, मंगळवारच्या रटाळ सामन्यातला बुलपेन (राखीव पिचरांचा ताफा), सगळ्यांची कसोटी लागते. दुसऱ्याचं उत्तर बाद फेरीतून येतं. प्रत्येक लीगमधून सहा संघ. वरच्या दोघांना पहिली फेरी सुटी, बाकीच्यांची आधी तीन सामन्यांची मालिका, मग उरलेल्या सगळ्यांना पाचाची, पुढे सातांच्या दोन. मध्ये सुट्यांचे दिवस असतात, म्हणून तीन-चार उत्तम स्टार्टर असले की काम भागतं. पाचव्याला कुणी विचारत नाही.

याचा दाखला तू स्वतः जागून पाहिलेला आहे. 2025 मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सनी 97 सामने जिंकले, त्या वर्षी सगळ्यांत जास्त. डॉजर्सशी साखळीत सहा सामने झाले, सहाही मिलवॉकीने जिंकले. ऑक्टोबरमध्ये त्याच डॉजर्सनी त्यांना 4-0 ने धुतलं आणि चारही सामन्यांत मिलवॉकीची धाव किती, तर प्रत्येकी एक. डॉजर्सच्या पिचरांपैकी स्नेलने आठ इनिंग्जमध्ये एकच हिट दिली, यामामोटोने सामना एकट्याने संपवला, नंतर ग्लास्नाऊ आणि शेवटी ओटानी, ज्याने पिचिंग करता करता तीन होम रनही मारले.

आता जुलैत जा. ऑल-स्टार ब्रेकला (जुलैच्या मध्यावरची सुटी) स्नेल जखमींच्या यादीत, ग्लास्नाऊ त्या यादीतून नुकताच परतलेला, ओटानीने पिचिंग सुरू करून जेमतेम महिना झालेला, एकेका सामन्यात मोजक्या इनिंग्ज टाकतोय. सासाकी, जो ऑक्टोबरमध्ये शेवटच्या इनिंगला उभा राहिला, तोही दुखापतीमुळे बाहेर. जुलैच्या सुरुवातीला डॉजर्स सलग सात हरले होते. म्हणजे ज्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली, तो संघ जुलैत मैदानावर नव्हताच, फिजिओच्या टेबलावर होता. म्हणून तुला सांगतो, प्लेऑफचा अंदाज बांधताना गुणतक्त्याइतकाच वेळ जखमींच्या यादीला दे. कोण कधी परततोय, परतल्यावर किती पिच टाकू शकेल, हे लिही. तुझ्या लेखात बॅटरांवर दोन पानं आहेत आणि पिचरांच्या खांद्या-कोपरांवर एक ओळ.

एवढं करूनही चुकशील. 2022 च्या डॉजर्सनी 111 सामने जिंकले होते, त्यांना प्लेऑफमध्ये 89 विजयवाल्या पाड्रेसनी उडवलं. 2006 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स 83 विजयांवर अजिंक्य ठरले. मेट्सचं तर काय सांगू, 12 जून 2025 ला 45-24, सगळ्यांच्या पुढे, आणि शेवटच्या दिवशी प्लेऑफच्या दाराबाहेर.

म्हणून ‘जवळपास निश्चित’ काढ आणि प्रत्येक संघापुढे टक्के लिही. दहा संघांना तू 80 टक्के दिलेस आणि दहाही आत गेले, तर शाबासकी घेऊ नकोस. याचा अर्थ तू भीत भीत लिहिलंस. दोन गळायला हवे होते. अजिंक्यपदासाठी मात्र टक्क्यांमागे लपू नकोस, एकच नाव घे आणि त्याचे तीन स्टार्टर कोण हे सांग. ते सांगता आलं नाही तर नाव बदल.

हो, एक राहिलं. 2025 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात टोरंटोला, अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या विल स्मिथने ज्याला होम रन मारून मालिका फिरवली, तो पिचर होता आमचाच शेन बीबर, जुलैत देऊन टाकलेला. मी टीव्हीसमोर उभाच राहिलो. हिने विचारलं, आता तुम्ही कुणाच्या बाजूने? मला सांगता येईना.

लेख दुरुस्त करून पाठव, पण ट्रेड डेडलाइन उलटल्यावर. त्याआधीची यादीही जपून ठेव, दोन्ही शेजारी ठेवून बघू. आणि रविवारी इथे दुपारचे सामने असतात, तुझ्याकडे रात्री अकराच्या सुमारास लागतात. ते बघत जा, म्हणजे सोमवारचं लेक्चर तरी सुटणार नाही आणि बाबाचा फोनही येणार नाही.

तुझा,
काका