छोट्या बोटीला दुसरं स्टिअरिंग हवं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सुकाणूच्या देखभालीवर या सदरात लिहिल्यापासून बामणोलीपासून हरिपूरपर्यंतचे वाचक एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आहेत. बोट चालवण्याची दुसरी जागा, म्हणजे आणखी एक स्टिअरिंग आणि आणखी एक गिअर-थ्रॉटल, करून घ्यावी का? खर्च मोठा आहे आणि एकदा फायबर कापलं की परत जोडणं सोपं नसतं. म्हणून यावेळी फक्त याच प्रश्नांना जागा देतो.

प्रश्न (बामणोली): माझी २४ फुटी फायबरची बोट आहे, आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेल्या) इंजिनाची. पर्यटकांना वासोट्याच्या पायथ्याला नेतो. वेग घेताना पुढचं टोक वर उचललं जातं आणि समोरचं पाणी दिसत नाही. उन्हाळ्यात कोयना धरणाच्या शिवसागरचं पाणी उतरलं की झाडांचे खुंट, जुन्या भिंती वर येतात. छतावर दुसरं स्टिअरिंग बसवलं तर सगळं नीट दिसेल ना?

दिसेल. पण ते दिसण्यासाठी छतावर जायची गरज आहे का, हे आधी मोजून बघू.

तुम्ही बसलेले असताना डोळे पाण्यापासून साधारण दीड मीटर उंच आहेत, बोटीचं पुढचं टोक तुमच्यापासून चार मीटर पुढे आहे आणि ते पाण्यापासून एक मीटर उंच आहे असं धरा. बोट सपाट चालत असेल तर टोकापुढचं आठ मीटर पाणी तुम्हाला दिसत नाही. आता वेग घेताना टोक फक्त पाच अंशांनी उचललं, तर हाच आंधळा पट्टा साधारण ३६ मीटर होतो. म्हणजे खुंट दिसेपर्यंत तो तुमच्या बोटीखाली आलेला असणार. तुमची भीती अगदी खरी आहे.

पण आता तुम्ही फक्त उभे राहिलात, डोळे अर्धा मीटर वर गेले, तर ३६ मीटरचे आठ मीटर होतात. छतावर गेलात तर आठाचे अडीच होतात. जवळजवळ सगळा फायदा उभं राहण्यातच मिळाला. छताचा मोठा खर्च वरच्या पाच-सहा मीटरसाठी आहे.

म्हणून माझा सल्ला असा. चालकाची जागा उंच करून घ्या, उभं राहून चाक हातात येईल इतकं स्टिअरिंग वर उचला, आणि पाठ टेकायला एक आडवा बार लावा. इंजिनाचा ट्रिम (म्हणजे त्याचा कल) सुरुवातीला पूर्ण आत घ्या, म्हणजे टोक कमी उचललं जाईल. प्रवाशांना मागे गर्दी करू देऊ नका, दोघातिघांना पुढच्या बाकावर बसवा. एवढ्यावर टोक खाली येत नसेल तर मागच्या बाजूला ट्रिम टॅब, म्हणजे टोक खाली आणणाऱ्या पट्ट्या, लावता येतात. त्यांचा खर्च दुसऱ्या स्टिअरिंगपेक्षा बराच कमी आहे. शिवाय पाण्याच्या एक वीत खाली असलेला खुंट सकाळच्या तिरप्या उन्हात छतावरूनही दिसत नाही. मे महिन्यात धरणात बुडालेल्या गावांच्या जागेवरून जाताना वेग कमी ठेवणं, एवढंच तिथे कामाचं आहे.

प्रश्न (तापोळा): छतावर चालक आणि एक मदतनीस, दोघंच बसणार. एवढ्याने बोटीला काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते.

माणसांसकट दोन टन वजनाची बोट धरा. त्यातली दोन माणसं, म्हणजे साधारण दीडशे किलो, बाकावरून दोन मीटर वर छतावर गेली. शिवाय चाक, खुर्ची, कठडा, काच मिळून ऐंशी किलो नवं वजन वर चढलं. हिशेब केला तर अख्ख्या बोटीचा गुरुत्वमध्य साधारण २३ सेंटीमीटर वर सरकतो. कलंडलेली बोट परत सरळ होते ती गुरुत्वमध्य आणि त्याच्या वरचा तोल-बिंदू (मेटासेंटर) यांच्या उंचीतल्या फरकामुळे. तो एवढ्या बोटीत मुळातच काही डझन सेंटीमीटर असतो. त्यातले तेवीस तुम्ही वापरून टाकले. बोट सावकाश, मोठा झोल घेऊन डुलायला लागली तर ते मऊ चालणं समजू नका. सरळ व्हायची तिची ताकद कमी झाली आहे. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो तेव्हा कठडा आणि काच शिडासारखं वारं धरतात, तेही याच बाजूला भर घालतं. आणि वर बसलेल्या माणसाला प्रत्येक झोल खालच्यापेक्षा कितीतरी मोठा लागतो.

वरची जागा तयार झाली की पर्यटक फोटोसाठी वर येणार, आणि त्यांना दरवेळी नाही म्हणणं तुम्हाला जमणार नाही. बोटीची नोंदणी आणि तपासणी झालेली असते ती आहे त्या रचनेवर. देशांतर्गत जलयान कायदा, २०२१ खाली इंजिनवर चालणाऱ्या बोटींना हे लागू आहे. तरीही बांधायचंच असेल तर कारागिराच्या आधी तपासणी अधिकाऱ्याकडे जा. २४ फुटी बोटीवर मी वरचं स्टिअरिंग बसवणार नाही.

प्रश्न (कराड): निवृत्तीनंतर २८ फुटी डिझेल बोट घेतली, दाभोळला ठेवली आहे. स्टिअरिंग फक्त बंद केबिनमध्ये आहे. आम्ही नवरा-बायको दोघंच असतो. जयगड, हर्णैपर्यंत जातो. धक्क्याला लागताना मागचं काही दिसत नाही आणि ही दोर घेऊन एकटी उभी असते. पाऊस चुकवायला आतलं स्टिअरिंग आहेच, पण बाहेर दुसरं घ्यावं का?

तुम्हाला मात्र मी हो म्हणतो.

कुंभार्ली घाट उतरून तुम्ही ज्या खाडीत जाता, त्या वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही येतं, आणि मुखाशी भरती-ओहोटीची ओढ जोरदार असते. अशा पाण्यात बोटीची मागची बाजू न पाहता धक्क्याला लावणं म्हणजे बायकोच्या हातावर भरवसा टाकणं. दोघांच्या बोटीत एकाला दोर आणि दुसऱ्याला सुकाणू असं वाटून घेतलं, तरी दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू यायलाच हवा. बंद केबिनमध्ये इंजिनाच्या घरघरीत तो येत नाही. समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियमही पाहणी डोळ्यांनी आणि कानांनी, दोन्हींनी ठेवा असं सांगतात.

दुसरं कारण जाळ्यांचं. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांचे बोये (तरंगत्या खुणा) जागोजाग असतात. संध्याकाळी पश्चिमेच्या उन्हात काचेतून ते दिसतच नाहीत, आणि रात्री केबिनमधल्या दिव्यांचं प्रतिबिंब काचेवर पडून बाहेरचा अंधार आणखी गडद होतो. पंख्यात जाळं गुंतलं तर तुमचं इंजिन बंद आणि त्या कोळ्याचं नुकसान. अशा वेळी बाहेर उभं राहून चालवता येणं फार मोलाचं.

पाऊस चुकवायला आतलं स्टिअरिंग आहेच असं तुम्ही लिहिलंत. ते खरं, पण जून-जुलैत इथे यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते आणि तुमच्या आकाराची बोट तेव्हा वर ओढूनच ठेवायची. तुमचे खरे महिने ऑक्टोबर ते मे. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा वारा चढतो, हर्णैकडे जाताना तुषार थेट तोंडावर येतात. तेव्हा आत जा. बाकी वेळ ऊन हाच त्रास, म्हणून बाहेरच्या जागेवर आधी सावली करा, मग चाक.

जागा छतावर नको. केबिनच्या मागच्या भिंतीला, ज्या बाजूने तुम्ही नेहमी धक्क्याला लागता त्या बाजूला. आणि कारागिराला बोलावण्याआधी एक पाहा: आतल्या चाकाच्या शेजारी केबिनला सरकता दरवाजा बसवता येतो का? तो बसला तर एक पाय आत, एक बाहेर ठेवून निम्मं काम भागतं, आणि तेही फार कमी पैशांत.

दुसऱ्या जागेचा खर्च धरताना नुसतं चाक धरू नका. तिथून पाण्याची खोली दिसायला हवी, होकायंत्र हवं, इंजिन तापल्याचा इशारा ऐकू यायला हवा, भोंग्याचं बटण हाताशी हवं. हे नसेल तर तुम्ही दाभोळच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर आंधळेपणाने जाल.

प्रश्न (सातारा): मेकॅनिक म्हणतो, हायड्रॉलिक स्टिअरिंगला दुसरा पंप त्याच पाइपात जोडतो. मग एक चाक फिरवलं की दुसरंही फिरेल का? आणि एक बिघडलं तर दुसरं कामाला येईल ना?

पहिल्याचं उत्तर नाही. प्रत्येक चाकाच्या पंपात तेल उलट जाऊ न देणारे व्हॉल्व्ह असतात, म्हणून एक फिरवताना दुसरं स्थिर राहतं. मेकॅनिक बरोबर सांगतोय. तेल मात्र सगळ्यांत उंच असलेल्या पंपातून भरायचं आणि हवा नीट काढायची. हवा राहिली तर चाक लोळतं आणि सुकाणू उशिरा ऐकतं.

दुसऱ्याचं उत्तर नीट लक्षात घ्या. दोन चाकं, पण सिलिंडर एक, तेल एक, सुकाणूचं पातं एक. एखादा सांधा फुटून तेल गेलं की दोन्ही चाकं रिकामी फिरतात. एका पंपाचं आतलं काम बिघडलं तर दुसरा साथ देईलही, पण ते राखीव सुकाणू नव्हे. राखीव म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर थेट बसणारा लोखंडी दांडा. तो बोटीत असू द्या, आणि शांत पाण्यात एकदा लावून बघा.

केबलचं स्टिअरिंग असेल तर दुसरी जागा जोडण्याच्या भानगडीत पडू नका. वळणं वाढतात, केबल जड होते. गिअरबाबत एकच: एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना आधी न्यूट्रल, आणि इंजिन बंद करायची सोय दोन्हीकडे.

प्रश्न (हरिपूर): आमच्या तरुण मंडळाला पूरकाळासाठी फायबरची बोट मिळतेय. उंचावर दुसरं स्टिअरिंग लावलं तर पुरात लांबचं दिसेल का?

नको. अजिबात नको. कृष्णा-वारणेच्या संगमावर राहणाऱ्यांना २०१९ सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी एवढं चढतं तेव्हा विजेच्या तारा डोक्याशी येतात. उंच बसलेला माणूस आणि लोखंडी कठडा थेट तारेत जाईल. गढूळ पाण्यातलं कुंपण, विहिरीचा कठडा, उसातला खांब उंचीवरूनही दिसत नाही. तो बांबू घेऊन पुढे बसलेल्या माणसालाच लागतो. मागे आउटबोर्ड थेट हँडलने चालवणारा एक, पुढे बांबूवाला एक, एवढीच व्यवस्था ठेवा. त्याच ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. उंचीवर खर्च होणारा पैसा प्रत्येक माणसामागे एका लाइफ जॅकेटवर घाला, आणि किती माणसं चढवायची तो आकडा बोटीवर मोठ्या अक्षरात रंगवा.

प्रश्न (वाई): धोम धरणात छोटी शिडाची बोट आहे. सुकाणू हाताच्या दांड्याचं. आत बसून चालवायला चाक लावू का?

दांडाच ठेवा. शिडाच्या छोट्या बोटीत वारा बदलल्याचं सगळ्यांत आधी त्या दांड्यावरच कळतं. आत सावलीत बसायचंच असेल तर दांड्याला जोडायचा छोटा ऑटोपायलट घ्या, त्याला तारेचा रिमोट येतो. फक्त बोटीवर एकटे असाल तेव्हा स्वतःला दोराने बोटीला बांधून घ्या. तुम्ही पाण्यात पडलात तरी ऑटोपायलट बोट पुढे नेतच राहतो.