फिल आयव्ही फसवणूक करून जिंकला, हे खरे आहे का?

आपण विचारले आहे की, लंडनच्या न्यायालयाने फिल आयव्ही या अमेरिकी व्यावसायिक पोकरपटूने फसवणूक केली असे ठरवले असेल, तर पोकरमधील त्याची विजेतेपदे खरी कशी मानावीत. पोकर मी बरीच वर्षे आवडीने पाहत आलो आहे आणि या खटल्याचे निकालपत्र मुळातून वाचले आहे. त्यावरून सांगतो की, या प्रश्नात दोन निराळे खेळ एकमेकांत मिसळले आहेत. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या पोकरच्या प्रतिष्ठित स्पर्धामालिकेत आयव्हीने ११ ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याला मिळणारी मानाची कडी, जिंकली आहेत आणि या खटल्यात त्यांचा मुद्दाच नव्हता. वाद झाला तो पुंटो बँको या, बॅकरॅट नावाच्या पत्त्यांच्या जुगाराच्या प्रकारावरून, आणि तेथे समोर दुसरा खेळाडू नसतो, कॅसिनो असतो.

पुंटो बँकोत कौशल्याला जागाच नसते. प्लेअर आणि बँकर अशा दोन बाजूंना पत्ते वाटले जातात, ज्या बाजूची बेरीज ९च्या जवळ जाते ती जिंकते, आणि आपण फक्त आधी एका बाजूवर पैज लावायची असते. कॅसिनोचा फायदा जेमतेम एक टक्क्याच्या वर असतो. मात्र पहिला पत्ता ७, ८ किंवा ९ आहे की नाही, एवढे जरी अगोदर कळले, तरी पारडे फिरते आणि खेळाडूला दीर्घकाळात सुमारे ६.५ टक्क्यांचा फायदा मिळतो. हे कळण्याची सोय पत्त्यांच्या पाठीवरच होती. काही पत्ते कारखान्यात असे कापले जातात की, पाठीवरची नक्षी दोन्ही लांब कडांना तंतोतंत सारखी येत नाही. फरक मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो, पण सरावलेल्या डोळ्याला तो दिसतो. आयव्हीची सहकारी चेउंग यिन सन हिचा डोळा तसा होता.

इथपर्यंत मला काहीही गैर वाटत नाही, कारण टेबलावर सर्वांसमोर जे आहे ते नीट पाहणे हा कोणत्याही खेळाडूचा हक्क आहे. परंतु नुसते पाहून भागत नव्हते. ७, ८ आणि ९चे पत्ते एका दिशेने आणि बाकीचे दुसऱ्या दिशेने असल्याशिवाय त्या कडांवरून काहीच कळले नसते, आणि पत्त्यांना तर खेळाडूने हात लावायचा नव्हता. म्हणून ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनच्या मेफेअर भागातील क्रॉकफर्ड्स कॅसिनोत सन हिने डीलरला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कर्मचाऱ्याला, कँटोनीज या चिनी भाषेत विनंती केली की, उघडलेल्या पत्त्याला आपण चांगला म्हटले की वाईट, त्याप्रमाणे तो फिरवून ठेवावा. ही शकुन-अपशकुनाची श्रद्धा असावी, असे समजून डीलरने ते ऐकले. पत्ते हाताने पिसले असते तर दिशा बिघडली असती. यंत्राने पिसताना ती टिकत होती, आणि तेच पत्ते पुन्हा वापरले जात होते. पैजा एका डावाला जवळपास दीड लाख पौंडांपर्यंत चढल्या आणि दोन दिवसांत सुमारे ७७ लाख पौंड जमा झाले.

कॅसिनोने आयव्हीचे मूळचे १० लाख पौंड परत केले आणि जिंकलेली रक्कम रोखून धरली. यावर न्यायालयात गेला तो स्वतः आयव्ही, आणि आपण काय केले हे त्याने तेथे काहीही न लपवता सांगितले. आपण कॅसिनोवर डोके लढवून मात केली, लबाडी केली नाही, असे त्याला मनापासून वाटत होते, हे खालच्या न्यायालयानेही मान्य केले. तरीही तो सर्व पातळ्यांवर हरला. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश लॉर्ड ह्यूज यांचा युक्तिवाद मला अगदी पटतो: आयव्हीने चोरून पत्त्यांपर्यंत पोहोचून ते स्वतः लावले असते, तर त्याला फसवणूक म्हणायला कोणी कचरले नसते, येथे तेच काम त्याने काहीही कल्पना नसलेल्या डीलरच्या हातून करून घेतले. मला सर्वांत जास्त खटकते तेही हेच. कॅसिनोबद्दल मला विशेष सहानुभूती नाही, पण विश्वासाने विनंती मानणाऱ्या एका नोकरदार माणसाला अवजार म्हणून वापरले गेले. माणूस स्वतःच्या मनाशी प्रामाणिक असू शकतो आणि तरीही त्याने केलेली कृती फसवणूक ठरू शकते, हे या निकालाने स्पष्ट केले. १९८२ पासून इंग्लंडच्या फौजदारी न्यायालयांत अप्रामाणिकपणा ठरवताना, आपले वागणे इतरांना अप्रामाणिक वाटेल याची आरोपीला जाणीव होती का, असेही विचारले जात असे. ती कसोटीही याच निकालाने बाजूला सारली.

अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या बोरगाटा कॅसिनोत त्याच वर्षी हाच प्रकार झाला होता, पण तेथील न्यायाधीशांनी फसवणुकीचा दावा फेटाळून केवळ करारभंग मानला आणि सुमारे १ कोटी १ लाख डॉलर परत करण्याचा आदेश दिला. ते प्रकरण २०२० मध्ये तडजोडीने मिटले.

आता त्याच्या विजेतेपदांविषयी. ही युक्ती चालली, कारण मोठ्या रकमा खेळणाऱ्या पाहुण्याच्या खास मागण्या कॅसिनो पुरवत होते: ठरावीक पत्ते, पिसण्याचे यंत्र, त्यांची भाषा बोलणारा डीलर. पोकर स्पर्धेत एका खेळाडूला यातले काहीच मागता येत नाही, आणि टेबलाभोवती बसलेले प्रतिस्पर्धी पत्त्यांवर त्याच्याइतकीच बारीक नजर ठेवून असतात. म्हणून क्रॉकफर्ड्सचे पैसे त्याला मिळाले नाहीत हे योग्यच झाले असे मानूनही, २०२४ मध्ये त्याने लास व्हेगासमध्ये जिंकलेल्या अकराव्या ब्रेसलेटबद्दल मी कोणतीही शंका घेत नाही.